भरली की नाक वर, रिकामी असली की आपटते: बोटीच्या ओबीएमची (मागे टांगलेल्या मशीनची) पिन कुठल्या भोकात ठेवावी?

बामणोली_घाट
शिवसागर जलाशयात बामणोली ते वासोट्याचा पायथा अशी चालणारी १८ फुटी फायबर बोट आहे. मागे हँडलवालं ४० एचपीचं मशीन, २० इंची शाफ्ट. मशीन मागच्या फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटला पाच भोकं आहेत आणि मशीनचा कोन ठरवणारी पिन सध्या फळीकडून चौथ्या भोकात आहे. दहा माणसं बसली की नाक इतकं उचलतं की पुढचं पाणी दिसत नाही, आणि बोट काही केल्या पाण्यावर चढत नाही, म्हणजे वेग घेऊन पाण्यावरून घसरत नाही. दोघंच असले तर वेग घेतल्यावर नाक सारखं आपटत राहतं. शिवाय बोट डावीकडे ओढते, त्यामुळे हँडल धरून मनगट भरून येतं. आधी काय बदलू: पिन, पंखा की माणसांच्या जागा?

कोयनाकाठ
दादा, पंख्याला अजून हात लावू नका. मशीनचा पाय, म्हणजे पंखा असलेला खालचा भाग, फळीपासून फार बाहेर गेलाय. अशा वेळी पंख्याचा जोर बोटीची मागची बाजू खाली दाबतो आणि नाक उचलतो. पंखा उजवीकडे (मागून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा) फिरणारा असेल, तर बाहेर काढलेलं मशीन बोटीला डावीकडे ओढतं, आणि फार आत घेतलेलं उजवीकडे. तुमची तिन्ही लक्षणं यात बसतात.

बोट काठाला लावा, मशीन बंद करा, सेफ्टी कॉर्ड (निघाली की मशीन बंद पाडणारी दोरी) काढा. मशीन वर उचलून टिल्ट सपोर्टवर (उचललेलं मशीन धरून ठेवणाऱ्या आधारावर) नीट टेकवा, मगच पिन ओढा. आधी तिसऱ्या भोकात घाला. पिन दोन्ही ब्रॅकेटमधून आरपार गेली आणि तिची क्लिप बसली, हे बोटाने चाचपून बघा. एका बाजूनेच बसलेली पिन जोर पडला की वाकते.

चाचणी सकाळी, वारा पडलेला असताना, नेहमीच्याच वजनावर घ्या. मोबाइलच्या जीपीएसवर वेग लिहून ठेवा. एका वेळी एकच भोक. नाक पाण्यात घुसायला लागलं आणि बोट उजवीकडे ओढू लागली, तर जास्त आत आलात, एक भोक मागे या.

कृष्णाकाठ_सांगली
वजनाकडेही बघा. २४ लिटरची टाकी भरलेली असेल तर नुसतं पेट्रोलच १८ किलोच्या आसपास भरतं. पाइप पुरत असेल तर ती मधल्या बसायच्या फळीजवळ सरकवा आणि जड माणसं मधोमध बसवा. पिनवाल्या मशीनचा कोन भर पाण्यात बदलता येत नाही, माणसं मात्र हलवता येतात, तीही वेग पूर्ण उतरवून आणि एकेक करून.

पुरात चालणाऱ्या रबरी बोटींत आणखी एक गोष्ट होते. हवा कमी असली की मागची फळीच मागे झुकते आणि पिन जागच्या जागी असूनही कोन बदलतो. तिथे आधी हवा तपासायची, मग पिन.

बामणोली_घाट
पिन तिसऱ्या भोकात घेतली. आपटणं थांबलं, भरलेली बोटही चढते. डावीकडची ओढ थोडी उरली आहे, आणि मागून पाणी फार उडतं. सपाट पट्टी लावून मोजलं तर पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळापेक्षा ४५ मि.मी. खाली आहे.

कोयनाकाठ
तेवढी खाली नको. प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर २५ मि.मी. खाली असावी. क्लॅम्पखाली २० मि.मी. जाडीची कठीण लाकडाची पट्टी घाला, क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू आणि फळीतले बोल्ट परत आवळा. त्याहून वर नेऊ नका. वळणावर पंखा हवा ओढतो, मशीन एकदम किंचाळतं आणि बोट मात्र जागची हलत नाही.

उरलेली ओढ प्लेटखालच्या छोट्या ट्रिम टॅबने (फिरवता येणाऱ्या पात्याने) जाते. आधी मार्करने रेघ मारा, बोल्ट सैल करा. बोट डावीकडे जाते म्हणून टॅबचं मागचं टोक डावीकडेच, थोडंसं फिरवा. उलटं वाटतं, पण टॅबवर पाण्याचा दाब पडून पाय उजवीकडे ढकलला जातो आणि बोट सरळ होते. टॅबला रंग लावू नका, बऱ्याच मशीनमध्ये गंज स्वतःवर घेणारा तुकडा तोच असतो.

आणि मे महिन्यात पाणी उतरलं की झाडांचे खुंट वर येतात. मशीन उसळू नये म्हणून काही जण ते दोरीने खाली बांधतात, तसं अजिबात करू नका. खुंटाला लागलं तर पाय वर उचलला गेलाच पाहिजे, नाहीतर फळी फाटते.