मदत हवी आहे: ‘सगळं चांगलं आहे’ याच्या पुढचं कसं काढून घ्यायचं?

नमस्कार. ग्रामीण आरोग्य केंद्रात येणाऱ्या बायकांना तिथली सेवा कशी वाटते, याची पाहणी करतेय. अडचण अशी की जिला विचारावं ती म्हणते, ‘चांगलं आहे.’ पाचपैकी पाच गुण. एकीने असेच पाच दिले आणि उठता उठता हळूच म्हणाली, “तपासायच्या टेबलापुढे पडदा तेवढा लावा हो.” केसपेपर तिच्या मुठीत पार चुरगळला होता. माझ्या फॉर्ममध्ये पडद्याचा रकानाच नव्हता! तेव्हापासून चैन नाही.

केंद्राच्या दारात विचारलं की बायका गोडच बोलणार. उद्या परत तिथंच यायचं असतं. आणि ज्या पोचल्याच नाहीत त्यांचं काय? मातामृत्यूंबाबत १९९४ साली मांडलेले तीन विलंब मला इथे फार पटतात: निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. माझे प्रश्न फक्त तिसऱ्यापाशी घुटमळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणातल्या किमान भेटी ४ वरून ८ केल्या. पण पहिल्याच भेटीत कुणी वसकन अंगावर आलं, तर ती दुसऱ्यांदा कशाला येईल?

घरी जाऊन विचारताना सासू किंवा नवरा शेजारी बसून राहिला तर तुम्ही काय करता? ‘समाधानी आहात का’ऐवजी नेमकं काय विचारता? लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची पट्टी कुणी वापरली आहे का? नमुना असेल तर कृपया पाठवा, पुढची फेरी मी त्यासाठी थांबवून ठेवली आहे.