मदत हवी आहे: मेलबर्नला इंग्रजीची शिक्षिका व्हायचंय, कोल्हापुरातून काय काय कागद घेऊन जाऊ?

करवीरची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

मी मंगळवार पेठेतली. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर आम्हा तिघांना ऑस्ट्रेलियाची पीआर (कायमचं राहायची परवानगी) मिळाली आणि मेलबर्नला गेलो. आत्ता पाच आठवडे माहेरी आलेय, त्यातला दीड आठवडा बहिणीचं डोहाळजेवण आणि पाहुण्यांत गेला पण. म्हणजे हातात साडेतीन आठवडे, आणि त्यात मला माझी सगळी कागदपत्रं गोळा करायचीत, कारण परत कधी येणं होईल देव जाणे.

बी.ए. इंग्रजी, शिवाजी विद्यापीठ. बी.एड. २०१० चं, म्हणजे तेव्हाचं एक वर्षाचं, मेथड (म्हणजे शिकवायचे विषय) इंग्रजी आणि इतिहास. मग ११ वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली तीन शिक्षणसेवक म्हणून. स्वतः पाचवीला ए बी सी डी गिरवलेली पिढी आमची (पहिलीपासून इंग्रजी नंतर, २००० साली आलं), त्यामुळं पोरांना नेमकं कुठं अडतं ते मला आतून माहिती असायचं. दहावीचा पेपर म्हणजे माझा तळहात. 'नो सूनर... दॅन' झोपेत शिकवेन.

आता अडचणी. एआयटीएसएल म्हणून तिकडची संस्था आहे, शिक्षकांचं शिक्षण तपासते. त्यांच्या नियमात किमान ४५ दिवस देखरेखीखाली शाळेत शिकवण्याचा सराव लागतो आणि त्याचा पुरावा कॉलेजनं द्यायचा. मी परवा माझ्या जुन्या कॉलेजात गेले. क्लार्क म्हणाले, "मॅडम, दिवस कोण मोजतंय? आपल्यात पाठ मोजत्यात." आणि ते खरंच आहे ओ! सूक्ष्मपाठ (पाच-दहा मिनिटांचे छोटे पाठ) इतके, सराव पाठ इतके, छात्रसेवाकाल (सलग काही आठवडे शाळेत राहून शिकवणं), सगळं पाठांच्या हिशोबात. दिवस कुठंच लिहिलेला नाही. वर ते म्हणाले, दिवस किती पाहिजेत सांगा, लिहून देतो. मला घामच फुटला, तशीच उठून आले.

दुसरं आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा. तिच्या ॲकॅडमिक प्रकारात वाचन-लेखनात ७ आणि ऐकणं-बोलण्यात ८ लागतात. माझे ऐकण्यात ८, वाचनात ७.५, लेखनात ७ आणि बोलण्यात ७.५. अर्धा! कार्डवर विषय आला पाण्याजवळच्या एखाद्या जागेचा, एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. म्हटलं, रंकाळा, देवानंच पाठवला. आणि मी त्या परीक्षक बाईंना चौपाटी म्हणजे काय आणि समुद्र नसताना चौपाटी कशी हे समजावत बसले, त्यातच वेळ संपला. भेळेपर्यंत पोचलेच नाही.

तिसरं नाव. मार्कशीटा माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. आणि आपल्याकडं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं पण बदलतं, तिकडच्या माणसाला तो वडील-नवरा हिशोब समजतच नाही, त्यांना वाटतं दोन वेगळ्या बायका आहेत.

पण खरी शंका वेगळीच आहे, ती लिहायलाच लाज वाटतेय. तिकडं ओळखीनं एका हायस्कूलमध्ये दहावीच्या इंग्रजीच्या तासाला मागं बसायला मिळालं. पोरांपुढं वर्तमानपत्रातला एक लेख, आणि लेखक वाचकाला पटवायला काय काय करतोय ते उलगडून लिहायचं. त्या पोरांना प्रीपोझिशन कशाला म्हणतात माहिती नाही, पण तीन पानं वाद घालतात. मी जे ११ वर्षं शिकवलं त्यातलं तिथं काहीच नव्हतं. उलट आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरवर गुरुवारी मी फुकट शिकवायला जाते, तिथं अफगाण बायका, एक व्हिएतनामी आजोबा, डॉक्टरकडं फोनवर नाव कसं स्पेल करायचं, अपॉइंटमेंट कशी बदलायची असलं. त्या दोन तासात मी परत मी असते.

काल जेवताना काका म्हणाले, इंग्रजी बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवायला जाणार म्हणजे कोल्हापुरात येऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखं आहे की गं. सगळे हसले, मी पण हसले. रात्री झोप नाही लागली.

तर, आत्ता इथून कुठली कागदं घेऊ? आणि मुळात हा नाद करू का सोडू? खरं सांगा, गोड बोलू नका.

---

तिखटजाळ:

ताई, कागदाचं आपल्याला काय कळत नाही पण काकांना सांगा, माझ्या आईचा तांबडा अख्ख्या गल्लीत एक नंबर आहे आणि तिला विचारलं मीठ किती, तर म्हणते अंदाजानं. मसाला किती? दिसंल तसा. बायको चार वर्षं शिकतेय, अजून जमंना. ज्याला जन्मापासून येतंय त्याला शिकवता येतंच असं कुठाय?

---

वेरिबीकर:

मास्तरीणबाई, मी मूळची सांगलीची, मेलबर्नच्या पश्चिमेला हायस्कूलला आहे, गणित. आधी एक मोठा गोंधळ सोडवू. तुमच्याकडं पीआर आहे ना? मग एआयटीएसएलच्या मागं कशाला लागलाय? ते व्हिसासाठी कौशल्य तपासणी करतात. तुम्हाला व्हिसा मिळालाय. वर्गात उभं राहायला लागते ती राज्याची नोंदणी, व्हिक्टोरियात ती व्हीआयटी करते. दोन ठिकाणी फी भरू नका, मी भरलीय, म्हणून सांगते.

तरी सरावाचं कागद लागणारच, कारण बी.एड.मध्ये किती, कुठल्या इयत्तांना आणि कुणाच्या देखरेखीखाली शिकवलं हे व्हीआयटीलाही बघायचं असतं. आणि इंग्रजीची अट तीच, ७-७-८-८. भारतातली डिग्री इंग्रजी माध्यमातली असली तरी सूट नाही, ते मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं पत्र काढत बसू नका, वेळ वाया. अर्ध्या बँडसाठी फक्त बोलण्याची परीक्षा परत देता येते, वन स्किल रिटेक, पण ती पहिल्या परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत द्यावी लागते आणि ती चालेल का हे व्हीआयटीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, मगच पैसे भरा. आणि पुढच्या वेळी रंकाळा आला तर डायरेक्ट भेळेपासून सुरू करा, व्याख्या देत बसू नका. परीक्षक भूगोल तपासत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, समोरच्याला समजलंच पाहिजे हा आपला रोग, तिथं तो नडतो.

कागद: बी.ए. आणि बी.एड. दोन्हीच्या सगळ्या मार्कशीटा, पदवी प्रमाणपत्रं, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) दोन-तीन संच काढा, त्यातला एक सीलबंदच राहू दे. बी.एड.चा त्या वर्षीचा अभ्यासक्रम मिळाला तर सोन्याहून पिवळं. शाळेचं अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीतच लिहून मागा, तारखा, इयत्ता, विषय, पूर्णवेळ हे शब्द पाहिजेत, पुढं पगार ठरताना अनुभव धरायला तेच दाखवावं लागतं. सेवापुस्तिकेची झेरॉक्स असू दे, पण ती मराठीत असते आणि भाषांतर ऑस्ट्रेलियात नाटीच्या (भाषांतरकारांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त माणसाकडूनच करायला लागतं, म्हणून इंग्रजी पत्राचा आग्रह. नावासाठी महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पण. पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) जमलं तर कोल्हापुरातूनच काढा.

बाकी मेथड हा शब्द व्हिक्टोरियातले शिक्षक पण तसाच वापरतात, "व्हॉट आर युअर मेथड्स" विचारतात. मला पहिल्यांदा ऐकून लई भारी वाटलं होतं, बी.एड. कॉलेजात आल्यासारखं.

---

सूक्ष्मपाठ:

मी बी.एड. कॉलेजात शिकवून निवृत्त झालोय, राहायला राजारामपुरी. त्या क्लार्कचं म्हणणं चूक नाही, हिशोब पाठांचाच असायचा. पण पाठ हवेत होत नव्हते ना, कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी तारखेला, कुणा तरी निरीक्षकापुढं होत होते. तुमची पाठ टाचण वही आहे का? प्रत्येक टाचणावर तारीख, इयत्ता, तुकडी, शाळेचं नाव आणि निरीक्षकाची सही असते. तेवढी वही घेऊन थेट प्राचार्यांना भेटा, कार्यालयात नको. सराव पाठांच्या तारखा आणि छात्रसेवाकालाचे आठवडे, दोन्ही मांडून पत्र मागा. छात्रसेवाकालात तुम्ही पूर्ण दिवस शाळेत होता, नुसता पाठ घेऊन घरी आला नव्हता, ते दिवस धरलेच पाहिजेत.

जेवढे भरतील तेवढेच लिहून घ्या. तिकडून कॉलेजला उलट विचारणा होऊ शकते, आणि तेव्हा प्राचार्य बदललेले असतील. "किती पाहिजेत सांगा" म्हणणाऱ्याच्या टेबलावरनं उठून आलात ते बरोबर केलंत बाळ.

---

लीड्सवाला:

थोडं अवांतर, पण कुणी हा धागा वाचून इंग्लंडचा विचार करत असेल तर: फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना इथं क्यूटीएससाठी (शाळेत शिकवायची अधिकृत पात्रता) थेट अर्ज करता येतो, पण विषय गणित, विज्ञान आणि भाषा. भाषेत इंग्रजी धरत नाहीत. माझ्या मेहुणीनं अर्धा फॉर्म भरल्यावर हे वाचलं.

---

गुरुवारची_बाई:

करवीरची, तुमचा गुरुवारच्या वर्गाचा परिच्छेद दोनदा वाचला. मी ॲडलेडला मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. तुम्ही जे गुरुवारी फुकट करताय ना, ते इथं पगाराचं काम आहे.

नव्यानं आलेल्यांसाठी सरकारचा फुकट इंग्रजीचा कार्यक्रम आहे, एएमईपी, १९४८ पासून चालू. आधी ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१ ला काढून टाकली. तिथं शिकवायला शाळेची नोंदणी लागत नाही, पदवी आणि टेसॉलचं (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं) शिक्षण लागतं, आणि त्यात प्रत्यक्ष वर्गात शिकवल्याचा सराव पाहिजे, नुसता ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळालेला कागद कुणी विचारत नाही. मी सेल्टा केलं, मोठ्यांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा कोर्स, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागं बसून सर लिहीत असतात. पहिल्या पाठाला मला बोलणं कमी करा म्हणून शेरा मिळाला. १४ वर्षं शिकवून! आपल्याकडं बोलेल तो मास्तर. तिथं उलटं, बाई गप्प आणि वर्ग बोलतोय. हे शिकायला मला वेळ लागला, तुम्हालाही लागेल. तोट्याची बाजू पण सांगते, कामं बरीचशी कॅज्युअल, सुट्टीत पगार नाही.

आणि शाळेचं दार बंद समजू नका. शाळेत ईएएल म्हणून वेगळं काम आहे, ज्यांच्या घरी इंग्रजी नाही अशी मुलं. मेलबर्नमध्ये तर नवीन आलेल्या मुलांसाठी वेगळ्या इंग्लिश लँग्वेज स्कूल आहेत. व्हिक्टोरियात बारावीला इंग्रजी गटातला विषय सक्तीचा, त्यात ईएएलचा वेगळा पेपर. म्हणजे पाचवीला ए बी सी डी गिरवलेल्या बाईला पोराचं कुठं अडतं ते कळणं, हे तिथं कमीपणाचं नाही, तीच मेथड आहे. लेखावर तीन पानं लिहिणं मग शिकता येतं, तुम्ही 'डू ॲज डायरेक्टेड'मधून बाहेर यायची तयारी ठेवा फक्त. ते सोडवत नाही लवकर, अनुभवानं सांगते.

---

वेरिबीकर:

गुरुवारचीशी सहमत, फक्त ईएएल असलं तरी शाळेत व्हीआयटी लागतेच. म्हणून दोन्ही कागद आत्ताच गोळा करा, निर्णय तिकडं जाऊन घ्या. मध्ये एज्युकेशन सपोर्टचं काम धरता येईल, वर्गात मदतनीस, त्याला वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो. पगार शिक्षकाचा नाही पण शाळा आतून कळते, मी दोन टर्म केलं.

---

करवीरची_मास्तरीण:

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं पण दोन दिवस नुसती पळापळ.

सर, वही सापडली! आईनं माळ्यावरच्या ट्रंकेत तांब्याच्या घागरीखाली ठेवलेली, रद्दीत घालणार होती म्हणे गेल्या दिवाळीत, वडिलांनी घालू दिली नाही. एका टाचणावर निरीक्षकांनी लाल पेनानं लिहिलंय, "फळ्याकडे पाठ करून बोलू नका". प्राचार्यांना भेटले, चांगले आहेत, वही स्वतः चाळली. आम्ही दोघांनी बसून मोजलं, सराव पाठांचे आणि छात्रसेवाकालाचे मिळून ४७ भरले, एकही वाढवला नाही. पत्र सोमवारी मिळेल. क्लार्कनी चहा पाजला.

एआयटीएसएलचा अर्ज अर्धवट भरून ठेवलेला होता, पैसे भरायचे राहिले होते, नशीब. आयईएलटीएसचे ६० दिवस कधीच गेलेत, सगळी परत द्यायला लागणार, ते बघू. सेल्टाची चौकशी नवऱ्याला करायला सांगितलीय, तो म्हणाला म्हणजे परत फी? म्हटलं होय, परत फी.

काकांना तुमच्या आईच्या मिठाचं सांगितलं, तिखटजाळ. काही बोलले नाहीत, रस्सा वाढून घेतला.

उद्या सकाळी विद्यापीठात जातेय. ट्रान्सक्रिप्टच्या अर्जावर नाव कुठलं टाकायचं, माहेरचं का सासरचं?

---

सूक्ष्मपाठ:

मार्कशीटवर आहे तेच, अक्षर न् अक्षर. आणि लवकर जा, जेवणाच्या सुट्टीआधी.