शेतीपंप आणि ग्रिडचा तोल
लवचिक मागणी, म्हणजे विजेच्या उपलब्धतेनुसार वापराची वेळ बदलणे, हा केवळ कारखान्यांचा विषय आहे, हे मत मला अपुरे वाटते. ग्रिडची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याची, वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखण्यासाठी निर्मिती आणि वापर क्षणोक्षणी जुळावे लागतात, आणि महाराष्ट्रात वेळ बदलता येण्याजोगा फार मोठा भार शेतीपंपांचा आहे. स्वतंत्र कृषी फीडर, म्हणजे फक्त शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, असतील, तेथे तो गटागटाने दुपारी, सौरनिर्मिती भरात असताना, चालवता येतो. कृषी फीडरना सौरऊर्जेतून दिवसा वीज देण्यासाठीच्या, २०१७ सालच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे खरे मोल मला त्यातच दिसते. रात्रीच्या विजेसाठी बिबट्या-सापांच्या भीतीत शेतकऱ्याने शेतात जाणे थांबलेच पाहिजे. मात्र वेळापत्रक आधी कळवून काटेकोरपणे पाळले, तरच पंप आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचचा वापर कमी होईल. या स्विचमुळे वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले, तर रोहित्रावरच ताण येतो.