मदत हवी आहे: ग्लॅडिओलसच्या कळ्या उमलायच्या आधीच वाळतायत

ग्रिलवाली_बाग
मंडळी, वैताग आलाय. ग्लॅडिओलसला दांडे आले, कळ्या धरल्या आणि आता टोकाकडून तपकिरी होऊन वाळतायत. पाणी, खत सगळं वेळच्या वेळी चालू आहे. रविवारी घरी पाहुणे आहेत. काय फवारू? लवकर सांगा.

मुलुंडकर
कंद कधी लावलेत? कुंडी केवढी? ऊन किती तास? फोटो टाका. "वेळच्या वेळी" यावरून काय कळणार?

ग्रिलवाली_बाग
ऑक्टोबर संपताना लावले. कुंडीतच हो, मुंबईत जमीन कुठली! ऊन येतं.

मुलुंडकर
येतं म्हणजे? समोरच्या टॉवरआडून तासभर डोकावणारं धरू नका. सहा तास तरी थेट लागतं.

पक्का_मालाडकर
मुंबईच्या दमट हवेत हे फूल होतच नाही. नाशिक-पुण्याकडचं पीक आहे ते. दादरला जाऊन जुडी आणा, मोकळे व्हा.

सुमनताई
होत कसं नाही? आमच्याकडे डोंबिवलीला गच्चीत दर हिवाळ्यात फुलतात. पावसाळ्यात लावले की कुजतात, एवढंच. कंद चार-पाच इंच खोल, खाली निचऱ्याची माती, दांड्याला काठीचा आधार. कळ्यांना पातळ ताकाचं पाणी मारा.

मुलुंडकर
सुमनताई, ताकाने वाळलेली कळी कशी उमलेल? बुरशी आहे की कीड, ते आधी कळू दे. ग्रिलवाली, पानांवर काही दिसतंय का?

ग्रिलवाली_बाग
पानांवर चंदेरी रेघा आहेत. त्या जातीच्याच असतील ना? ऊन सकाळचं, अकरापर्यंत.

मुलुंडकर
हे आधी सांगायचं! ते फुलकिडे. पाती आणि कळीच्या आवरणाआड दडून रस शोषतात, म्हणून वरून दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर दांडा झटका, बारीक काड्यांसारखे पळताना दिसतील. वाळलेल्या कळ्या आता उमलणार नाहीत, त्या खुडून बाहेर टाका. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी पात्यांच्या बेचक्यांत जाईल असं फवारा. आठवड्याने पुन्हा. रविवारचं मात्र विसरा.

पक्का_मालाडकर
म्हणजे शेवटी दादरच ना?

तिसरा_मजला
फवारा, पण खाली आमच्यासारख्यांचं वाळत घातलेलं बघून. आमच्या वरच्या बाईंच्या कुंड्यांचं पाणी थेट उशांवर येतं. ट्रे ठेवा म्हटलं की म्हणे डास होतात.

सुमनताई
ट्रे रोज रिकामा केला की कसले डास?

ग्रिलवाली_बाग
झटकून पाहिलं. आहेत मेले! मग झाडं उपटून टाकू का?

मुलुंडकर
अजिबात नको. फक्त दांडा काढा, पानं राहू द्या. जुना कंद सुकतो आणि त्याच्यावर नवा भरतो तो पानांच्या जोरावर. पानं पिवळी पडली की कंद काढा, सावलीत सुकवा, जाळीच्या पिशवीत टांगा. प्लॅस्टिकमध्ये बांधलेत तर बुरशी धरेल. बाजूच्या छोट्या कंदांकडून लगेच फुलांची आशा नको, त्यांना दोनेक हंगाम लागतात.

ठाणे_वेस्ट
ग्लॅडिओलसचा नाद सोडा, निशिगंध लावा. वासही येतो. माझ्याकडे कंद जास्तीचे आहेत, ठाण्याला येऊन घेऊन जा. पिशवी आणा.