ड्रिलला लावायचं रिव्हेट अडॅप्टर घ्यावं का?

शेडवाला_जालना: अंबडकडं गोठ्याच्या शेडची कामं घेतो. हाताच्या रिव्हेटरनं दिवसभर ४.८ मिमीचे रिव्हेट (मधला खिळा ओढून पत्रे जोडायच्या पोकळ खिळी) ओढले की रात्री भाकर मोडताना बोटं वळत नाहीत. बॅटरीच्या ड्रिलला लावायचं अडॅप्टर दुकानात पाहिलं. स्टीलचे रिव्हेट ओढतंय का ते?

फॅब्रिकेटर_लातूर: घ्या दादा, बिनधास्त. फक्त गिअर १ वर ठेवा, क्लच पूर्ण घट्ट. अडॅप्टरची दांडी दुसऱ्या हातात पक्की धरा, नाहीतर सगळं धूडच गरगर फिरतं अन् मनगट जातं. ट्रिगर हळू दाबायचा, खिळा तटकन तुटला की लगेच सोडायचा. मग रिव्हर्स. अडॅप्टरमधले खिळा धरणारे जबडे उघडले की तुटका खिळा बाहेर पडतो. लोक हे रिव्हर्सच करत नाहीत, पुढचा रिव्हेट आत जाईना झाला की मालाला शिव्या देतात! भोक ५ मिमीच्या वर नको. अॅल्युमिनियमचे मस्त ओढतं. स्टीलचेही ओढतं, पण बॅटरी लई खातं अन् जबडे लवकर झिजतात.

परभणीकर: छताचा पत्रा रिव्हेटवर ठेवू नका हो, वळवाच्या वाऱ्यात उचकटतो. तिथं रबर वॉशरचा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूच पाहिजे. रिव्हेट पन्हळीला अन् जोडाला.

शेडवाला_जालना: पत्र्याला स्क्रूच मारतो भाऊ, रिव्हेट पन्हळीलाच. पण शिडीवर दोन्ही हात गुंतवायचे कसे?

फॅब्रिकेटर_लातूर: नाहीच गुंतवायचे. पन्हळ खालीच जोडा, मग वर चढवा. वर राहिलेले दोन-चार हाताच्या रिव्हेटरनं.