संगणक विषयाचे गुण मुलांनी बनवलेल्या प्रश्नमंजूषेवर द्यावेत का?

पाटीवाला
संगणकाची परीक्षा अजूनही ‘पूर्ण रूप लिहा’ आणि ‘जोड्या लावा’ यांवरच उरकली जाते. मुलाला संगणकाकडून एखादं काम करून घेता येतं का, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पाचवी ते आठवीच्या मुलांना स्वतः प्रश्नमंजूषा किंवा सर्वेक्षणाची प्रश्नावली बनवायला द्यावी आणि गुण त्यावर द्यावेत.

स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायच्या मुलांच्या भाषेतलं उदाहरण घ्या. प्रश्न विचारायचा, उत्तर तपासायचं, बरोबर असेल तर गुण वाढवायचा. पहिल्यांदा सगळं झकास चालतं. मग दुसरं मूल खेळायला बसतं आणि त्याचा गुणफलक आधीच्या मुलाच्या गुणांपासून सुरू होतो, कारण सुरुवातीला व्हेरिएबल (गुण साठवून ठेवणारा नाव दिलेला कप्पा) शून्य करायचं राहिलेलं असतं. हे ज्याच्या लक्षात येतं आणि ज्याला दुरुस्त करता येतं, त्याला व्हेरिएबल समजलं. व्याख्या पाठ असो वा नसो.

पायथन या लिहून प्रोग्रॅम करायच्या भाषेत तर आणखी गंमत आहे. उत्तर ७ असतं, मूल ७ टाइप करतं, तरी प्रोग्रॅम म्हणतो ‘चूक’. स्क्रीनवर एररही येत नाही. टाइप केलेलं उत्तर मजकूर म्हणून येतं आणि आपण त्याची तुलना संख्येशी करत असतो. हे कोणत्या लेखी पेपरात तपासणार?

कोरा_कागद
स्क्रॅच आणि पायथनपर्यंत ठीक. पण बहुतेक ठिकाणी ‘प्रश्नमंजूषा बनवा’ म्हणजे गूगल फॉर्म्स उघडा, प्रश्न टाका, पर्याय टाका, बरोबर उत्तरावर खूण करा. गुण मोजणं, तक्ते काढणं सगळं फॉर्मच करतो. यात मुलाचं संगणक-कौशल्य नेमकं कुठे दिसलं?

दुसरं, ज्याची भाषा चांगली त्याचे प्रश्न चांगले होणार. तर्कात हुशार पण लिहिण्यात मागे असलेल्या मुलाचे गुण कापले जाणार. म्हणजे तपासलं काय, भाषाच ना?

पाटीवाला
भाषेचा मुद्दा मान्य, आणि त्यावर उपाय सोपा आहे. सगळ्यांना तेच तयार प्रश्न द्या. मुलानं फक्त ते चालवून दाखवायचे.

फॉर्मबद्दल मात्र सहमत नाही. ‘रोज किती वेळ स्क्रीनसमोर असता?’ असा प्रश्न ठेवून उत्तराला मोकळी चौकट दिली की उत्तरं जमा होणाऱ्या शीटमध्ये काय येतं बघा: ‘२ तास’, ‘दोन’, ‘१२० मिनिटं’, ‘खूप’. याची सरासरी काढायला सांगा, मूल अडकतं. मग ते मागे जातं, प्रश्नात ‘मिनिटांत लिहा’ असं घालतं आणि चौकटीत फक्त संख्या घेतली जाईल असं बंधन टाकतं. माझ्या दृष्टीनं गुण या मागे जाण्याला आहेत. फॉर्म ते आपोआप करत नाही.

विषमभुज
मी वर्गात शिकवतो, म्हणून व्यवहाराचं बोलतो. एका वर्गात चाळीस मुलं. प्रकल्प घरी दिला तर मोठा भाऊ करतो. आता तर एआयला एक वाक्य सांगितलं की अख्खी प्रश्नमंजूषा कोडसकट तयार होते. त्यावर मी कोणाला गुण देऊ? लेखी पेपर निदान सगळ्यांना सारखा असतो.

आणि बहुपर्यायी प्रश्न म्हणजे पाठांतरच, हेही खरं नाही. २००४ साली लिथुआनियात सुरू झालेली बेब्रास स्पर्धा पाहा. छोटी छोटी कोडी, प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही, तरी क्रम लावणं, नियम ओळखणं नीट तपासलं जातं. प्रश्न काढणाऱ्यानं कष्ट घेतले तर पेपर वाईट नसतो.

खोडरबर
विषमभुज, बेब्रासचं पटलं. पण त्यातून विचार कळतो, बांधणी कळत नाही. दोन्ही तपासायला हवं.

एआयच्या प्रश्नावर माझा उपाय असा: फाइल कुठूनही येऊ दे. समोर बसवायचं आणि सांगायचं, ‘आता चुकीच्या उत्तराला एक गुण वजा कर.’ ज्यानं स्वतः बनवलंय तो सरळ त्या ओळीवर जातो. बाकीचे वर-खाली स्क्रोल करत राहतात. दोन मिनिटांत कळतं.

विषमभुज
दोन मिनिटं गुणिले चाळीस म्हणजे ऐंशी मिनिटं. दोन तासिका गेल्या, आणि तोवर उरलेली मुलं काय करतील? हा वेळ वेळापत्रकात कोण देणार, ते सांगा.

खोडरबर
उरलेल्यांनी एकमेकांच्या प्रश्नमंजूषा सोडवायच्या आणि चुका लिहून काढायच्या. एकानं वयोगटाचे पर्याय ‘१० ते १२’ आणि ‘१२ ते १४’ असे ठेवलेले असतात. बारा वर्षांचं मूल कुठे खूण करणार? हे शिक्षकाच्या आधी शेजारचं मूल पकडतं. ऑकलंड विद्यापीठाच्या पीअरवाइज या ऑनलाइन साधनात हेच चालतं: विद्यार्थी प्रश्न बनवतात, इतर सोडवतात आणि शेरे देतात.

कोरा_कागद
पीअरवाइजमध्ये विद्यार्थी आपापल्या विषयाचे प्रश्न बनवतात. त्यातून त्या विषयाची समज कळते. संगणक तिथे साधन आहे, तपासला जाणारा विषय नाही. शाळेतल्या संगणकाच्या गुणांना तो दाखला लागू होत नाही.

आई_एका_सातवीतलीची
प्रश्नावलीच्या एका बाजूबद्दल इथे कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मुलं एकमेकांना काहीही विचारतात. घरात भांडणं होतात का, तुझं वजन किती, आणि पहिल्याच रकान्यात नाव सक्तीचं. ती शीट मग कोणाकोणाकडे जाते? नाव खरंच हवं का, उत्तरं कोण पाहू शकतं, काम झाल्यावर ती पुसली का, याला गुण नसतील तर माझ्या मुलीनं असली प्रश्नावली बनवूही नये आणि भरूही नये.

पाटीवाला
ताई, हे निकषांत सगळ्यात वर घालायला हवं. परवानगीच्या सेटिंग्ज आणि नको ती माहिती न मागणं हेही संगणक-कौशल्यच आहे. माझ्या यादीत आता हे, चुकीच्या उत्तराची हाताळणी आणि मिळालेल्या माहितीची नीट मांडणी. रंग, चित्रं, आवाज यांना गुण नाहीत.

कोरा_कागद
तोंडी तपासणी असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण गुणांची वाटणी आधी ठरवा. फाइलला १५ आणि समोर बसून केलेल्या बदलाला ५ असतील, तर घरून करून आणलेलीच फाइल जिंकणार. वाटणी उलटी करा, मग मी तयार आहे.

विषमभुज
आणि शिक्षकासमोर तोंडच न उघडणारी मुलं? १५ गुण तिथेच गेले त्यांचे.

खोडरबर
तोंड उघडायची गरजच नाही. काय बदलायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या, मुलानं कीबोर्डवर करून दाखवायचं. चिठ्ठ्या चार-पाच प्रकारच्या ठेवल्या तर एका वेळी पाच जणांना बसवता येतं. तासिकेचा प्रश्नही बराचसा सुटतो.