लिहिताना पान दिसायलाच हवे का? वर्डमधील लेआउट आणि झूमविषयी

धागालेखक:
मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कच्चा मसुदा लिहिताना प्रिंट लेआउट (छापील पानासारखे दृश्य) बाजूला ठेवावा, वेब लेआउटमध्ये (पानांचे तुकडे न पाडता सलग दिसणाऱ्या दृश्यात) डोळ्यांना सोसतील एवढी अक्षरे मोठी करून लिहावे आणि पानाचा विचार मजकूर पक्का झाल्यावरच करावा, असे माझे ठाम मत आहे. ते कशातून झाले, ते सांगतो. एका सहकाऱ्यांचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. अक्षरे बारीक दिसतात म्हणून त्यांनी सगळा मजकूर निवडून फॉन्टचा आकार 18 केला होता आणि लिहून झाल्यावर पुन्हा सगळा निवडून 12 केला होता. परिणामी शीर्षके, उपशीर्षके आणि तक्त्यांमधले मुद्दाम लहान ठेवलेले आकडे असे सगळेच एका मापाचे होऊन बसले, आणि ते पूर्ववत करण्यात माझी दुपार गेली. खाली उजव्या कोपऱ्यातली झूमची पट्टी सरकवली असती, किंवा कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवले असते, तर काम भागले असते. झूममुळे फक्त पडद्यावरचे दिसणे बदलते. छापून येणाऱ्या अक्षराला धक्काही लागत नाही.

पण प्रिंट लेआउटमध्ये झूम 180 टक्क्यांवर नेला, तर लहान पडद्यावर पानाची उजवी कड खिडकीबाहेर जाते आणि प्रत्येक ओळ वाचायला आडवे सरकावे लागते. वेब लेआउटमध्ये ओळ खिडकीच्या रुंदीला मोडते, त्यामुळे कितीही मोठे केले तरी वाचन अडत नाही.

प्रतिसाद 1:
आपल्या सहकाऱ्यांची चूक खरी, पण तिच्यावरचा आपला उपाय मला पटत नाही. मी ज्या प्रकारचे प्रस्ताव तयार करते त्यांना पानांची मर्यादा असते, आणि अशा लेखनात कुठे थांबायचे हे पानच सांगते. वेब लेआउटमध्ये पान कुठे संपते ते दिसत नाही, शीर्षलेख आणि तळलेख दिसत नाहीत, चित्रांची जागाही छापील पानासारखी राहत नाही. सगळे लिहून झाल्यावर प्रिंट लेआउट उघडावा आणि तक्त्याची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर गेलेली दिसावी, हा अनुभव मी एकदाच घेतला आणि तेवढा पुरे झाला. त्या एका ओळीसाठी आधीची तीन वाक्ये छाटावी लागली, आणि छाटलेले वाक्य घाईतलेच असते. अक्षरे मोठी हवीत तर व्ह्यू टॅबमधला पेज विड्थ हा पर्याय निवडावा. पान खिडकीच्या रुंदीत नेमके बसते आणि आडवे सरकण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद 2:
मी मुद्रितशोधनाचे काम करतो आणि मला दोन्ही मते अपुरी वाटतात. पेज विड्थमध्ये दोन्ही बाजूंचे कोरे समासही मोजले जातात. ए4 पानाची रुंदी 21 सेंटिमीटर, दोन्हीकडे 2.54 सेंटिमीटर समास सोडला, तर मजकुराला जेमतेम 16 सेंटिमीटर उरतात. लहान लॅपटॉपवर या कोऱ्या जागेसाठी अक्षरे बारीक करून घेण्यात काय हशील? झूमच्या चौकटीत टेक्स्ट विड्थ असा वेगळा पर्याय आहे; तो समास वगळून फक्त मजकूर खिडकीत बसवतो.

मराठीसाठी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ‘त्याचा निर्णय’ आणि ‘त्यांचा निर्णय’ यांत फरक एका टिंबाचा. 80 टक्क्यांवर ते टिंब शिरोरेषेला चिकटून जाते, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ यांतला भेदही तसाच निसटतो. म्हणून शेवटचे वाचन मी 160 टक्क्यांखाली कधीच करत नाही. 100 या आकड्याला पावित्र्य देण्याचेही कारण नाही: पडद्यावरच्या ठिपक्यांची घनता आणि विंडोजमधले 125 किंवा 150 टक्क्यांचे स्केलिंग (पडद्यावरचे सगळेच मोठे दाखवण्याची सोय) यांनुसार पडद्यावरचे 100 टक्के कागदावरच्या मापाशी जुळतातच असे नाही.

प्रतिसाद 3:
टिंबापुरते आपले म्हणणे मान्य. मात्र इतके मोठे केले की डोळ्यांसमोर दहा-बारा ओळीच राहतात, आणि मागच्या परिच्छेदात वापरलेला शब्दप्रयोग पुन्हा आला तरी ध्यानात येत नाही. लेखाचा तोल पाहायचा तर मल्टिपल पेजेस लावून दोन पाने शेजारी ठेवावीच लागतात. स्प्लिटने खिडकीचे दोन भाग केले, तर प्रत्येकाचा झूम वेगळा ठेवता येतो. मी वरच्या भागात आराखडा लहान आणि खाली चालू परिच्छेद मोठा ठेवते.

धागालेखक:
प्रतिसाद 1 मधला तक्त्याचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पानांची मर्यादा किंवा तक्ते असलेल्या कामासाठी पहिल्यापासून प्रिंट लेआउट हवा, हे मी आता मान्य करतो, आणि टेक्स्ट विड्थ आजपासून वापरून पाहीन. सलग गद्याबाबत मात्र माझे मत कायम आहे. परिच्छेदाच्या मधोमध पान तुटलेले दिसले की विचार पुरा होण्याआधीच वाक्य आखूड करावेसे वाटते, हे मी स्वतःच्या लेखनात वारंवार पाहिले आहे. आणखी एक विनंती: झूमचे प्रमाण फाइलबरोबर साठवले जाते, तेव्हा 200 टक्क्यांवर काम केलेली फाइल दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी ते पूर्ववत करून जतन करावे.

प्रतिसाद 1:
पान तुटलेले दिसण्याचाच त्रास असेल, तर प्रिंट लेआउटमध्ये दोन पानांच्या मधल्या फटीवर दोनदा क्लिक करून पाहावे. वरखालची कोरी जागा मिटते, मजकूर बराचसा सलग दिसतो, आणि पान कुठे संपले ते दाखवणारी एक बारीक रेघ तेवढी राहते.